कोरमसाहेबांसाठी राखलेली खुर्ची

३ मार्च, सोमवार

खाली जिन्यापाशी कागद लागलाय. मला काय, कागद म्हणजे भिंतीवरचा पांढरा चौकोन. पण सून त्याच्यासमोर उभी राहिली ती हलेचना. हातात दुधाच्या पिशव्या, त्यांतलं पाणी पायावर ठिबकतंय — तिला पत्ताच नाही. म्हटलं, कोण गेलं गं?

"कुणी नाही, आई. पाळणाघर जाणार."

तळमजल्याच्या खोलीत नऊ वर्षं ती पाळणाघर चालवते. अठरा पोरं. त्यांच्या आया सकाळी पोर तिच्या कडेवर देतात आणि मागे न बघता कामाला पळतात — मागे बघितलं तर पाय निघत नाही म्हणून. आता इमारतीच्या कमिटीला त्या खोलीत व्यायामाची यंत्रं बसवायची आहेत. म्हणजे माणसं लिफ्टने खाली उतरणार आणि पट्ट्यावर जागच्या जागी चालणार! अरे, जिना आहे की समोर!

रविवारी सभा. जागेचा विषय दोन सभांत लागतो म्हणे — एकीत मांडायचा, दुसरीत मतं घ्यायची. सून म्हणाली, "यात सगळं राजकारण असतं, आई. आपल्याला नाही जमायचं." आणि भांडी घासायला बसली. स्वच्छ भांडी. दुसऱ्यांदा.

मला ते झोंबलं. एक सासू, तीन नणंदा आणि एक कमी बोलणारा नवरा, एवढी मंडळी मी एकाच चुलीवर सांभाळली. ते काय होतं मग? पण खरं सांगायचं तर सभेतलं मला ओ की ठो कळत नाही. तेव्हा ठरलं. शिकायचं.

धाकटी जाऊ छत्तीस वर्षं कचेरीत टाइप करायची. घरी बसल्यापासून तिची बोटं जेवणाच्या टेबलावर नुसती नाचतात. म्हटलं, वही काढ, मी बोलते ते उतरव. तुझं मत मध्ये घालायचं नाही. तुला मत असेल तर वेगळी वही कर.

"ताई, शुद्धलेखन तरी माझं ठेवू का?"

ठेव बाई. माझं कुठे आहे!

८ मार्च, शनिवार

आज शिकले: सभेत काय बोलायचं ते आधीच कागदावर लिहिलेलं असतं. त्याला विषयपत्रिका म्हणतात. त्यावर नाही तो विषय निघत नाही. कमाल आहे. आमच्या घरात सगळ्यांना जे बोलायचं असतं नेमकं तेच निघत नाही, तेही कागदाशिवाय!

९ मार्च, रविवार

गच्चीवर सभा. खुर्च्या लोखंडी, उन्हाने तापलेल्या. समोर टेबल, टेबलामागे अध्यक्ष. धंद्याने दातांचा डॉक्टर. आयुष्यभर लोकांना तोंड उघडा म्हणून सांगितलं, ती सगळी भरपाई इथे करतो. "बसा, बोलू नका, नंतर बोला." त्याच्या शेजारी चिटणीस. त्याला मी मनातल्या मनात टाचणी म्हणते. शर्टाच्या खिशाला टाचण्यांची रांग लावलेली असते, आणि माणूसही तसाच — बारीक, सरळ, टोकदार.

पाच वाजले, सव्वापाच वाजले, सुरू काही होईना. इकडून तिकडून ऐकू येई —

"कोरम नाही अजून."

"कोरमसाठी दहा मिनिटं थांबू या."

"कोरमशिवाय सुरू करताच येत नाही."

मी म्हटलं, केवढा मोठा माणूस असेल! ज्याच्यावाचून डॉक्टरचंसुद्धा पान हलत नाही. कुणीतरी साहेब असणार, लांबून येत असणार. माझ्या शेजारची खुर्ची सावलीत होती. ती मी पदराने पुसली आणि धरून ठेवली. नर्स बसायला आली — तिसऱ्या मजल्यावरची, तिचं पोर आमच्याच पाळणाघरात असतं — तिला म्हटलं, "इथे नको गं. इथे कोरमसाहेब बसायचेत."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तोंडावर रुमाल धरून पलीकडे गेली. मला वाटलं, सर्दी झाली असेल.

साडेपाचला अध्यक्ष म्हणाला, "कोरम नाही. सभा तहकूब." आपली माणसं खूश! बला टळली म्हणत सगळी उतरली. सूनही गेली, खाली कुणाचं तरी पोर रडत होतं. मी बसले. उशीर झाला तरी मोठा माणूस येतोच, आणि आला तर रिकाम्या गच्चीने त्याचं स्वागत करायचं का?

अर्धा तास गेला. आणि जिन्यावरून नऊ माणसं वर आली. इतका वेळ खालच्या मजल्यावर उभी होती, मला त्यांच्या बोलण्याचा आवाज येत होता. अध्यक्ष खुर्चीवर बसला, टाचणीने काहीतरी वाचलं, नऊ हात वर झाले, संपलं. पाळणाघराची जागा काढून घ्यायचा विषय तीस तारखेला मतासाठी येणार!

मी धरून ठेवलेली खुर्ची रिकामीच.

१० मार्च, सोमवार

सकाळी टाचणीला जिन्यात गाठलं. म्हटलं, काल कोरमसाहेब आलेच नाहीत तरी सभा कशी झाली?

इमारत हसतेय, नर्सने दूधवाल्यापर्यंत पोचवलंय. पण हा हसला नाही. "आजी, पाच मिनिटं आहेत का?" म्हणाला आणि आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. मी मटार सोलत होते. त्याने माझ्या परातीतून एकेक दाणा मोजून झाकणात मांडला. बत्तीस.

"आपली अठ्ठेचाळीस घरं. घरटी एक माणूस. अशी बत्तीस घरं आली तर सभा होते. त्याला कोरम म्हणतात. कोरम म्हणजे कुणी दुसरा नाही, आजी. बत्तिसावं माणूस तुम्ही असलात तर कोरम तुम्हीच."

मी एक दाणा उचलून तोंडात टाकला.

"एकतीस," तो म्हणाला. "सभा तहकूब."

तरी हसला नाही! असा माणूस मी पाहिलेला नाही.

मग पुढची गंमत सांगितली. तहकूब सभा अर्ध्या तासाने तिथेच पुन्हा भरते, आणि तेव्हा कोरम लागत नाही. जितके असतील तितके पुरे. मी म्हटलं, म्हणजे लोकांना घरी जाऊ द्यायचं, मग आपण वर यायचं?

"नियम तसा आहे."

"नियम सगळ्यांना माहीत आहे?"

"छापलेला आहे. सगळ्यांच्या घरी आहे."

आमच्याही घरी निघाला. खाटेच्या पायाखाली, खाट डुगडुगते म्हणून.

विचारलंच शेवटी: "तुम्ही आमच्याकडचे की त्यांच्याकडचे?"

"मी कागदाकडचा," म्हणाला आणि झाकणातले दाणे परत परातीत ओतून गेला.

१२ मार्च, बुधवार

धाकटी म्हणते, त्याच्यावर विश्वास टाकू नका. तो ठराव त्यानेच लिहिलाय, सही त्याचीच आहे. आणि पाळणाघराच्या बरोब्बर वर त्याचं घर. नऊ वर्षांत दुपारची झोप मिळालेली नाही, असं तो सगळ्यांना सांगतो. तिचं म्हणणं खरं आहे. शत्रूच म्हणायचा.

पण काय शिकवतो! आज अनुमोदन शिकले. सभेत तुम्ही कितीही शहाणपणाचं बोला, दुसऱ्या कुणी "माझं अनुमोदन" म्हटलं नाही तर ते बोलणं तिथल्या तिथे पडतं. ज्याने हे शोधून काढलं त्याचे पाय धरावेत. प्रत्येक शहाण्याला निदान एक तरी माणूस आपल्या बाजूचा लागतो! मी एवढी वर्षं बोलले, अनुमोदन द्यायला एकटा नवरा होता, आणि तो झोपलेला असायचा.

धाकटी म्हणते, तिने पुष्कळदा दिलंय. दिलंय. लिही.

१५ मार्च, शनिवार

मत मागायला घड्याळजीकडे गेले. फाटकाजवळ त्याचं छोटं दुकान, वर घर. डोळ्याला भिंग, चिमट्यात एवढंसं चाक. माझं ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाला, "मी नेहमी तटस्थ असतो, आजी."

म्हणजे काय ते धाकटीने सांगितलं. तट म्हणजे काठ. काठावर उभा असलेला. ना या बाजूचा, ना त्या.

म्हटलं, "बुडणाऱ्याला काठावरचा फार छान दिसतो हो. कोरडा, स्वच्छ."

"तुम्ही मला टोचताय."

"नाही बाबा. टोचायचं काम वरच्या मजल्यावर चालतं."

हसला. भिंग पडलं. पण हो म्हणाला नाही. मला त्याचा राग आला आणि जिना चढेपर्यंत गेलाही. एवढ्या वर्षांत एकदाही कुणाला खोटं हो म्हणालेला नाही. असा माणूस विरोधात नाही हेच पुष्कळ.

१९ मार्च, बुधवार

आजचं लक्षात ठेवायचं: दोन्हीकडे सारखी मतं पडली तर अध्यक्षाला एक जादा मत. एकाच माणसाला दोन! म्हणजे बरोबरी झाली की आपण हरलो.

टाचणीला म्हटलं, हा कुठला न्याय? म्हणाला, "कुठेतरी संपायला पाहिजे ना, आजी. नाहीतर माणसं गच्चीवरच म्हातारी होतील."

मला पटलं. पटायला नको होतं, पण पटलं.

२३ मार्च, रविवार

आठवडाभर जिने चढतेय. गुडघे शिव्या देतात, मी त्यांना देते. नर्स पुढे, मी मागे. ती बेल वाजवते, मी बोलते. पहिल्या दिवशी मी पाळणाघराचं बोलायचे, पोरांचं, सुनेच्या पोटापाण्याचं. लोक हळहळायचे आणि दार लावायचे. मग मी बदलले. आता एकच सांगते: "सभा तहकूब म्हटलं की उठायचं नाही. पाणी आणा, पंखा आणा, उशी आणा. अर्धा तास बसायचं." हे लोकांना लगेच कळतं! हळहळ नको असते त्यांना, काम सांगावं.

सून कुणाकडेच गेली नाही. म्हणते, मला मागायला जमत नाही. आज दुपारी खोलीच्या दारातून बघितलं — दोन पोरं तिच्या मांडीवर, तिसरं पाठीवर, चौथ्याच्या बुटाची गाठ सोडवतेय, आणि तोंडाने पाचव्याला सांगतेय की त्याची आई कोणत्या बसमध्ये बसली असेल आणि बस आता कुठे आली असेल. रोज सांगते. पोरगं शांत होतं. मी अठ्ठेचाळीस दारं वाजवून जे करतेय ते ती नऊ वर्षं एका खोलीत बसून करतेय — सगळ्यांना एका जागी बसवणं. तिला म्हणे राजकारण जमत नाही!

तिच्या तोंडावर हे बोलायचं नाही. शेफारेल.

२७ मार्च, गुरुवार

नर्सने बोटांवर मोजलं. आपल्याकडे एकवीस घरं. त्यांच्याकडेही एकवीस. घड्याळजी काठावर. टाचणी मोजणारा, त्याला कोण मोजतंय! बाकी घरांना कुलूप किंवा माणसं परगावी. झोप नाही.

एका मताचा प्रश्न आहे, आणि ते कुठे मिळतं ते कुणी सांगत नाही.

२९ मार्च, शनिवार

घरी ठरलं. आमच्या घराचा हात मी वर करायचा. सून गच्चीवरच मागे पोरांना घेऊन थांबेल, चार आयांना उद्याही कामावर जायचंय. धाकटी घरी.

"मला नाही यायचं?" धाकटी विचारते. नाही. तुझी बोटं तिथे नाचली तर मत मोजलं जाईल.

३० मार्च, रविवार

जिंकलो!!

सगळं सांगते, दम घेऊन. पाचला आपली माणसं हजर. त्यांचं कुणी नाही. सगळी खालच्या मजल्यावर उभी, खोकतायत, आम्हाला ऐकू येतंय. साडेपाचला अध्यक्ष म्हणाला, "कोरम नाही. सभा तहकूब." आणि उठून उभा राहिला, लोक उठतील म्हणून.

कुणीही उठलं नाही! एक खुर्ची वाजली नाही. नर्सने पिशवीतून विणकाम काढलं. कुणी संत्रं सोललं. अध्यक्ष उभाच. त्याला काय करावं कळेना, शेवटी खाली बसला आणि टेबलावरची धूळ पुसायला लागला. मी त्याला संत्र्याची फोड दिली. घेतली त्याने. दात चांगले आहेत.

अर्ध्या तासाने ते सगळे वर आले. आम्हाला बघून जिन्याच्या तोंडाशीच थबकले. टाचणीने ठराव वाचला. स्वतः लिहिलेला, खणखणीत आवाजात, एक शब्द चुकला नाही. मग हात. आधी त्यांचे — एकवीस. मग "ठरावाच्या विरोधात?" — आणि मी पहिल्या रांगेतून हात असा वर केला की खांद्यात कट्ट आवाज झाला. टाचणी यादी घेऊन रांगांमधून फिरला, मागपर्यंत गेला, परत आला. प्रत्येकाकडे बघत, पेन्सिलने खुणा करत. घड्याळजी हात मांडीवर ठेवून आकाशाकडे बघत होता.

"विरोधात बावीस. तटस्थ एक. ठराव नामंजूर."

आवाजात चढ नाही, उतार नाही. हरलेल्याच्या तोंडून जिंकलेल्याचा आकडा असा यावा! मी टाळ्या वाजवल्या त्या त्याच्यासाठी. लोकांना वाटलं आपल्यासाठी, त्यांनीही वाजवल्या.

बाविसावं कोण फुटलं त्यांच्यातलं? पण मग त्यांचे वीस व्हायला हवेत. जाऊ दे. कुलुपातलं एखादं घर आलं असेल.

३१ मार्च, सोमवार

चहा पिताना सून हसत होती. नऊ वर्षांत अशी हसली नव्हती. म्हणाली, "आई, मागे उभी होते ना मी. ते म्हणाले विरोधात, आणि मला राहवेचना! कडेवर पोर होतं तरी हात वर. सगळ्यांच्या आधी माझाच असेल!"

मी बशी खाली ठेवली.

एका घराचे दोन हात.

१ एप्रिल, मंगळवार

बावीस वजा एक. एकवीस. एकवीस आणि एकवीस. आणि अध्यक्षाचं जादा.

याला वाचता येणं लागत नाही.

२ एप्रिल, बुधवार

धाकटी म्हणते, "ताई, गप्प बसा. कुणाला कळलेलं नाही. अठरा पोरं आहेत." मग म्हणाली, "हे मी लिहिणार नाही." पेन ठेवलं. मी म्हटलं, तुझं मत वेगळ्या वहीत. टेबलावर बोटं नाचवली. मग पेन उचललं.

सुनेला सांगितलेलं नाही. खालून तिचा आवाज येतोय, बस आता पुलावर आली असेल म्हणून सांगतेय.

खोटं मी पुष्कळ बोललेय. सासूला, नणंदांना, डॉक्टरला. पोटाला चिमटा घेऊन जेवले म्हणून सांगितलंय. त्याचं काही वाटत नाही. पण हे तसलं नाही. त्या नऊ जणांनी रिकाम्या गच्चीवर हात वर केले तेव्हा मी त्यांना मनात लबाड म्हटलं होतं. ते तर नियमाने वागले होते. मी तेवढंसुद्धा नाही. आणि त्या माणसाने मटाराचे दाणे मांडून शिकवलं ते मला लबाडी करता यावी म्हणून नाही.

सांगितलं तर पाळणाघर जातं. नाही सांगितलं तर मी शिकलेलं सगळं जातं. एवढ्या वयात शिकले होते.

उद्या सकाळी जाते. गुडघे काय म्हणतील ते म्हणोत.

३ एप्रिल, गुरुवार

गेले. उभ्याउभ्याच सांगितलं — दोन हात, एक घर, चूक आमची, आकडा बदला.

टाचणी उठला. कपाट उघडलं, यादी काढली, माझ्यापुढे धरली. अक्षर मला येत नाही, पण आमच्या दारावरचा आकडा ओळखते. त्याच्यापुढे पेन्सिलीची एकच खूण होती.

"दोन दिसले. एक धरला."

"मग बावीस कसे झाले?"

त्याने यादी परत घेतली, नीट टाचली. म्हणाला, "चिटणीसही सभासद असतो, आजी."